सोमवारचं गिऱ्हाईक

मी एक जुना टॉवेल आहे. तुमच्या घरी असतो तसा जाडजूड, गुबगुबीत टॉवेल नव्हे. आमच्या जपानात नव्या वर्षाला दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांना जे पातळ पांढरे टॉवेल भेट देतात, त्यांतला मी एक. माझ्या एका टोकाला निळ्या अक्षरांत ‘निनोमिया सलून, यावाताहामा’ असे छापलेले आहे. आणि मित्रांनो, तुमच्या लक्षात येण्याआधी मीच सांगून टाकतो, ती अक्षरे वाकडी आहेत.

माझा जन्म इमाबारीच्या एका मागावर झाला. विणताना सगळे टॉवेल सारखेच होते. छापताना मात्र माझ्याच वेळी साचा सरकला आणि नाव तिरपे उमटले. माझी भावंडे कागदात गुंडाळून घरोघर गेली. मला हातात धरून सलूनचे मालक तोकुजी-सान बायकोला म्हणाले, “हारुए, हा बघ. चार घोट घेऊन छापल्यासारखा दिसतोय. हा गिऱ्हाइकाला कसा द्यायचा?”

“मग ठेवा घरात,” हारुए म्हणाली. “आपल्याकडे काय, सगळंच वाकडं खपतं.”

असा मी सलूनमध्येच राहिलो. लोकांच्या हनुवट्या पुशीत माझे आयुष्य गेले असते. पण त्याच हिवाळ्यात मिसे नावाचा संत्र्यांचा बागायतदार केस कापायला आला, तो खांद्यावर एक हिरवा पोपट घेऊन. घेऊन म्हणजे काय, पोपटच त्याला सोडत नव्हता. गळ्याला गुलाबी पट्टा असलेला तो राघू कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटून बागेत आला होता, आणि त्याची वाढलेली नखे मिसेच्या लोकरी स्वेटरमध्ये अडकली होती.

“माझे केस कापा आणि ह्याची नखं,” मिसे म्हणाला. “सलून आहे ना तुमचं?”

“माणसांचं आहे.”

“हा बोलतो. मग माणूसच धरा की!”

तोकुजी-साननी हाताला लागला तो टॉवेल उचलला. तो मी होतो. त्यांनी पोपटाला माझ्यात घट्ट गुंडाळले, एक पाय बाहेर काढला आणि नख कापले. पण नख जरा जास्तच कापले गेले. मित्रांनो, पोपटाच्या नखाच्या आत रक्ताची बारीक वाट असते. ती दुखावली की भळाभळा रक्त येते. हारुए स्वयंपाकघरातून बटाट्याचे पीठ घेऊन धावली. ते दाबून धरल्यावर रक्त थांबले. तोवर पोपटाने माझ्या काठाला तीन भोके पाडली होती. त्याच्या छातीची धडधड माझ्या धाग्याधाग्यात शिरत होती, ती मी अजून विसरलेलो नाही. एवढासा जीव, आणि केवढी ती भीती!

पोपटाचा मालक काही सापडला नाही. तो सलूनमध्येच राहिला आणि त्याला चोबेई हे नाव मिळाले. येणाऱ्याजाणाऱ्याचे बोलणे ऐकून तो पोपटपंची करू लागला. हारुएला मात्र तो जवळ येऊ देत नसे. तिने दाणे घातले की दाणे खाई आणि मग तिच्या बोटाला चावे.

“खाल्ल्या घरचे वासे मोजतोय मेला!” हारुए म्हणे.

“अगं, तुझ्या हाताची चव त्याला कळते,” तोकुजी-सान म्हणत. त्यावर ती जे म्हणे, ते मी इथे लिहीत नाही.

पण पहिल्या दिवसाचे ते रक्त तोकुजी-सानच्या मनाला लागले होते. जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला माणूस, आणि एका पाखराच्या नखाने हरला. त्यांनी दुसरी वाट धरली. सोमवारी सलून बंद असे. त्या दिवशी हारुए मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर जाई, कारण चोबेईचा आरडाओरडा तिला ऐकवत नसे. मागे सलूनमध्ये आम्ही तिघेच उरत असू. तोकुजी-सान मला खुर्चीच्या हातावर अंथरीत. चोबेई माझ्यावर येऊन बसला तर त्याला संत्र्याची एक फोड मिळे. कित्येक सोमवार नुसते असेच गेले. नखाला हातही नाही. मग कधीतरी माझे टोक त्याच्या गळ्याभोवती, गिऱ्हाइकाला घालतात तसे. मग कधीतरी पायाला बोट. आणि हे सगळे होत असताना तोकुजी-सान त्याच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावे तसे बोलत राहत.

“या साहेब, बसा. आज वारा फार आहे, नाही? कुठे खाजतंय का, साहेब?”

गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर वाफेचा टॉवेल ठेवला की ते नेहमी विचारीत, “जास्त गरम नाही ना, साहेब?” चोबेई ते मन लावून ऐके आणि मान वाकडी करून बघत राही.

एका सोमवारी चोबेई माझ्यावर येऊन बसला आणि त्याने आपण होऊन उजवा पाय वर केला. तोकुजी-साननी नख उजेडाकडे धरले, आतली वाट पाहिली आणि तांदळाच्या कणीएवढे टोक काढले. बस्स. बाकीची नखे पुढच्या सोमवारी. “झालंच हं, साहेब,” ते हळूच म्हणाले. मी ज्या खुर्चीवर पसरलो होतो, तिच्यावर गावातली मोठमोठी माणसे बसून गेली, पण इतका मान कुणाला मिळालेला मी पाहिला नाही.

हारुए परत येई तेव्हा खाली नखांचा चुरा दिसे. “कसं धरता हो त्या राक्षसाला?” ती विचारी. तोकुजी-सान हसत आणि म्हणत, “धंद्याचं गुपित आहे.” बिचारी समजे की ते त्याला बळेच आवळून धरतात. मला तेव्हा या गोष्टीचे फार हसू येई. पुढे या गुपिताची केवढी किंमत पडणार होती, हे मला कुठे ठाऊक होते!

वर्षे गेली. माझा पांढरा रंग पिवळा पडला. आणि एका शरद ऋतूत तोकुजी-सान दुकान झाडता झाडता खाली बसले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. मुलगी सानाए मात्सुयामाहून निघाली खरी, पण ती पोचेपर्यंत सगळे संपले होते. खुर्चीवर चादर पडली. मला घडी घालून कपाटातल्या जुन्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात ठेवले. चोबेईचा पिंजरा स्वयंपाकघरात गेला, आणि त्या दिवसापासून चोबेईने चकार शब्द काढला नाही.

कपाटाची फळी सलून आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीला होती. त्यामुळे मला सगळे ऐकू येई. हारुए देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोपुढे भात ठेवी, घंटा वाजवी आणि मग पिंजऱ्यापाशी जाऊन म्हणे, “तू तरी बोल रे. पूर्वी तोंड बंद करायला फडकं टाकावं लागायचं तुझ्यावर.” चोबेई गप्प. आता तो तिला चावतही नव्हता. तिला त्याचेच जास्त वाईट वाटे.

नखे मात्र वाढत होती. हिवाळा संपता संपता एक नख पिंजऱ्यावरच्या कापडात अडकले आणि चोबेई रात्रभर एका पायावर लोंबकळत राहिला. सकाळी हारुएने त्याला सोडवले तेव्हा त्याचा पाय सुजला होता. तिने सानाएला बोलावून घेतले.

सानाए काम आटोपून आली तेव्हा बंदरावर दिवे लागले होते. तिने जाड हातमोजे आणि नवाकोरा मोठा टॉवेल आणला होता.

“आत्ता नको गं,” हारुए म्हणाली. “दिवेलागणीनंतर नखं काढली की आईबापाच्या शेवटच्या वेळी जवळ राहता येत नाही.”

“आई, ही पोपटाची नखं आहेत. त्याचे आईबाप कधीच उडून गेले.”

“हात तर तुझाच आहे ना? आणि तुझी आई अजून बसलीय इथे.”

“बाबांच्या वेळी मी कुठे रात्री नखं काढली होती?” सानाए म्हणाली. “तरी नाहीच पोचले.”

हारुएने पिंजऱ्याचे दार उघडले. मग मी भिंतीपलीकडून नुसते आवाज ऐकले. पंखांची फडफड, किंकाळी, काहीतरी पडले, सानाए ओरडली, “पीठ, पीठ आण!” आणि शेवटी दोघींचे रडणे. एक नख कापले गेले होते, तेही मुळापाशी. मित्रांनो, तेव्हा मला तोंड नसल्याचे जेवढे दुःख झाले, तेवढे कधीच झाले नाही. अगं बायांनो, त्याला धरू नका, त्याला नुसते बसवा, एवढेच मला सांगायचे होते.

“आई, असं नाही चालायचं,” सानाए म्हणाली. “ताकामात्सुला माझ्या ओळखीचे एक जण आहेत. पक्ष्यांचं सगळं नीट करतात. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते आणि याला पोचवते.”

हारुएने सांडलेले पीठ झाडून काढले. मग म्हणाली, “जाऊ दे. त्याचे हाल नकोत. मला काय, चावतोच तो.”

“आणि हो, शाळा सुरू होतेय. पोराला दोन फडकी न्यायचीत, फरशी पुसायला. तुझ्याकडे दुकानाचे जुने टॉवेल आहेत ना? शिवून ठेव. फडकी आणि पोपट, एकाच फेरीत नेते.”

आमच्याकडे शाळेची फरशी मुलेच पुसतात आणि त्यासाठी फडकी घरून नेतात. तर असे माझे आणि चोबेईचे जाणे एकाच दिवशी ठरले.

शनिवारी सकाळी हारुए सलूनमध्ये आली. उजेड तिथेच चांगला पडतो. “जायच्या आधी एकदा दुकान बघून घे,” असे म्हणत तिने पिंजराही आणला आणि दार उघडे ठेवले. खुर्चीवरची चादर धुवायला काढली. मग बाकावर बसून तिने गठ्ठ्यातून मला ओढले, चार पदरी घडी घातली आणि शिवायला घेतले. सुई माझ्यातून आरपार जाऊ लागली. मला फडके होण्याची लाज नव्हती. पुसणे हेच तर माझे काम. पण वाकडी अक्षरे घडीच्या आत गेली तेव्हा मी मनातून हललो.

इतक्यात चोबेई लंगडत पिंजऱ्याबाहेर आला. बाकावर चढून त्याने माझा काठ चोचीत धरला आणि ओढू लागला.

“अरे, शिवू दे की! सोड!” हारुएने मला हिसकले, तो पुन्हा आला. पुन्हा हिसकले, पुन्हा आला. “काय जिद्दी आहेस रे मेल्या!” असे म्हणत ती उठली आणि त्याला पोचू नये म्हणून तिने मला, सुईदोऱ्यासकट, खुर्चीच्या हातावर टाकले.

वार शनिवार होता. पण मी खुर्चीच्या हातावर पडलो म्हणजे चोबेईचा सोमवार.

तो खाली उतरला, नखे फरशीवर खरडत चालत गेला, चोचीने धरून धरून खुर्चीवर चढला आणि माझ्यावर येऊन बसला. अंग सैल सोडले. सुजलेला उजवा पाय वर केला आणि तसाच धरून ठेवला.

“आता हे काय?” हारुए म्हणाली.

चोबेईने मान वाकडी केली. इतक्या महिन्यांनंतर त्याने तोंड उघडले आणि हुबेहूब तोकुजी-सानच्या आवाजात म्हणाला, “कुठे खाजतंय का, साहेब?”

हारुए दाराकडे वळली, तिथे कुणी नव्हते. मग नवऱ्याचा खण उघडून तिने नखे काढायची छोटी कात्री आणली. तिने तो वर केलेला पाय नुसता बोटावर पेलला, आवळला नाही. नख उजेडाकडे धरले. बारीकसे टोक काढले. चोबेई हललाही नाही. माझ्या अंगाला त्याच्या छातीची धडधड कळत होती. ती संथ होती.

“इतकी वर्षं,” हारुए म्हणाली, “इतकी वर्षं असं चाललं होतं, आणि मला म्हणे धंद्याचं गुपित!”

एकच नख काढून ती थांबली. चोबेई उडी मारून खुर्चीच्या पाठीवर गेला. हारुएने सुई काढून ठेवली, मला उचलले, माझ्यात तोंड खुपसले आणि रडू लागली. इतके दिवस ती अशी रडली नव्हती. मी जुना झालो असलो तरी पाणी टिपायचे विसरलेलो नाही.

खुर्चीच्या पाठीवरून चोबेई वाकून बघत होता. टॉवेलखाली झाकलेला चेहरा त्याने पाहिला, आणि अगदी अदबीने विचारले, “जास्त गरम नाही ना, साहेब?”

माझ्याआड हारुए रडता रडता हसली. “नाही हो,” ती म्हणाली. “अगदी बेताचं आहे.”

रविवारी सानाए आली. तिने विचारले, “फडकी झाली?”

“बाजारातून घे.”

“आणि पोपट? गाडी चालू ठेवून आलेय मी.”

“बंद करून ये. तो आपलं गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक कुणी देऊन टाकतं का?”

सानाएला आधी पटेना. मग तिला खुर्चीजवळ उभे करून हारुएने मला अंथरले.

मित्रांनो, आता मी फार विरलो आहे. उन्हात धरलात तर माझ्यातून पलीकडचे दिसेल. तुमच्या घरी पाखरू असेल तर त्याची नखे वेळेवर काढा. उजेडात काढा, थोडी काढा, आणि आधी त्याला तुमच्याजवळ बसू द्या. आणि घरातली जुनी वस्तू फाडायला घ्याल तेव्हा, फाडण्याआधी ती एकदा तिच्या जुन्या जागी ठेवून बघा. तिची वाट बघणारे कोणी असेल तर ते येईल.

माझ्या अंगावर त्या शनिवारचे टाके अजून आहेत. मध्येच तुटलेली, अर्धवट ओळ. घडी उलगडण्यापुरता दोरा हारुएने कापला, बाकीचे टाके उसवले नाहीत. दर सोमवारी ती मला खुर्चीच्या हातावर पसरते, वाकडी अक्षरे वर येतील अशी, आणि म्हणते, “या साहेब, बसा.”