पहिल्या नंबराचं कॉलेज

"बूट काढा, नायतर तिथंच थांबा," देऊ ओरडला. "ही भाताची रोपं हायेत, फूटपाथ नाय."

बांधावर आलेला माणूस तिथंच थांबला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅब. लावणीचे दिवस होते. बारवीच्या डोंगराकडून पावसाची एकेक सर यायची, अंगावरची कांबळी भिजवून बदलापूरकडे निघून जायची. देऊ, त्याची बायको जिजा आणि पोरगी हर्षदा गुडघाभर चिखलात वाकलेली. शेजारच्या खाचरात मी. अंबरनाथच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि परत चिखलात उतरलो. गाव मला आण्णा म्हणतं. देऊचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत आहे, त्यामुळे त्याच्या घरातलं काहीच माझ्यापासून लपत नाही, आणि त्याचा देऊला फार राग येतो.

"अंकल, मी अभिजीत. उल्हासनगरला आपलं ॲडमिशन गायडन्सचं ऑफिस आहे. हर्षदाचा सीईटीचा स्कोअर बघितला, म्हटलं पर्सनली भेटून घेऊ."

देऊ ताठ झाला. "स्कोर बगितलास? कुठं बगितलास? आमी तर गावात पन नाय सांगितला."

ही गोष्ट खरी होती. निकाल लागला आणि तिसऱ्या दिवसापासून देऊच्या फोनला उसंत नव्हती. कुणी पुण्याहून, कुणी कर्जतहून, 'हर्षदाचे पप्पा बोलताय का?' करत. पोरीचं नाव, मार्क, फोन नंबर सगळं त्यांच्याकडे. आपण अर्ज भरला कात्रपच्या सायबर कॅफेत, मग हे बाहेर कसं गेलं, या विचारानं देऊची झोप उडाली होती. आधी त्यानं कॅफेवाल्या स्वप्नालीवर संशय घेतला. मग हर्षदाच्या सरांवर. मग माझ्यावर.

"आण्णाला कळतं यातलं," जिजा त्याला समजवायला गेली, तर हा म्हणाला, "म्हनून तर बोलतो. ज्याला कळतं तोच इकतो."

मी भिंतीपलीकडून ऐकलं. चहासुद्धा न घेता त्या पोरीच्या दाखल्यांसाठी खेपा घातल्या होत्या मी तहसील कचेरीत. देऊच्या हिशोबानं तोच माझा गुन्हा होता. फुकट काम करणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असणारच.

तर अभिजीतनं टॅब बाहेर काढला आणि चान्सेस दाखवायला लागला. हर्षदाला चौऱ्याण्णव पॉइंट सहा पर्सेंटाइल. म्हणजे शंभर पोरं रांगेत उभी केली तर चौऱ्याण्णव हिच्या मागं. टॅबवर कॉलेजांची यादी होती आणि प्रत्येकापुढं रंग. हिरवं म्हणजे नक्की, पिवळं म्हणजे नशीब, लाल म्हणजे विसरा.

हर्षदा हात न धुताच पुढं झाली. तिला एकच बघायचं होतं. ठाण्याचं कॉलेज, कॉम्प्युटर. दोन वर्षं ती त्याच कॉलेजचं नाव घेत होती. तिथं चौथ्या वर्षाला कंपन्या येतात, पोरांना निवडून नेतात, हे तिला तोंडपाठ होतं.

ठाण्याच्या कॉलेजपुढं लाल होतं.

"चान्स नाहीच का?" तिनं विचारलं.

"झूठ नाही बोलणार, ताई. यंदा कॉम्पिटिशन टाइट आहे. पण हे बघ." त्यानं बोट खाली सरकवलं. आमच्यापासून बारा किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी दोन वर्षांपूर्वी उभं राहिलेलं कॉलेज. पुढं हिरवंगार. "हे पक्कं. मॅनेजमेंट कोट्यातून आजच लॉक करून टाकू. वर फिफ्टी पर्सेंट मेरिट स्कॉलरशिप. अर्धी फी माफ! असा स्कोअर आहे म्हणून देतायत, सगळ्यांना नाही देत."

देऊ चिखलातून वर आला. खांद्यावरचा टॉवेल काढला, अभिजीतचा उजवा हात धरला आणि वर टॉवेल टाकला.

मला हसू आवरेना. देऊनं तरुणपणी पंधरा वर्षं म्हसा गावच्या जत्रेत बैलांचे सौदे केले होते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव, बाजूच्याला पत्ता लागत नाही.

"आता सांग," देऊ म्हणाला. "खरा आकडा काय? नि तुला त्यातलं किती?"

"अंकल, काय करताय! हात सोडा ना!"

"घाबरतंस कशाला? तोंडानं नको बोलू. बोटं धर."

अभिजीतनं हात सोडवून घेतला, टॅब पिशवीत कोंबला आणि उद्या फोन करतो म्हणत बांधावरून घसरत निघून गेला.

"अर्धं सोडतो म्हंजे आधी दुप्पट सांगितलंन," देऊ म्हणाला.

या बाबतीत त्याचं नाक बरोबर होतं, आणि मी ते त्याला तिथंच सांगितलं. सरकारी फेरीतून सीट मिळाली तर आपल्यासारख्या घरातल्या मुलीची फी सरकार भरतं, हिला एक रुपयासुद्धा पडणार नाही. मॅनेजमेंटच्या सीटला ते लागू नाही. म्हणजे जिथं काहीच भरायचं नव्हतं तिथं हा अर्धं भरायला लावत होता, आणि वर त्याला मेरिट म्हणत होता.

देऊ माझ्याकडे बघत राहिला. "तुला एवढं कसं माहीत?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

चार दिवसांनी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. देऊ, हर्षदा आणि मी रिक्षानं कात्रपला गेलो. मला न्यायची देऊची इच्छा नव्हती, हर्षदानं हट्ट धरला. स्वप्नालीच्या कॅफेत चार कॉम्प्युटर, दाराशी चपलांचा आणि छत्र्यांचा ढीग. आमचा नंबर आला तसं देऊनं आधी आजूबाजूच्या खुर्च्यांवर कोण आहे ते बघून घेतलं.

"पहिलं कुठलं टाकू?" स्वप्नालीनं विचारलं.

"ठाणे, कॉम्प्युटर," हर्षदा म्हणाली.

"थांब," देऊ म्हणाला. तो वाकला आणि हळू आवाजात बोलायला लागला. "ठान्याचं पैलं नाय टाकायचं. पैलं ते डोंगराकडचं टाक. ठानं दुसरं."

"बाबा! मला ठाणं हवंय!"

"म्हनून तर. जत्रंत आपल्याला जो बैल पायजे त्याच्याकडं आधी बगायचंच नाय. दुसऱ्याच बैलाचे दात बगायचे, त्याच्या पाठीवर हात फिरवायचा. यापाऱ्याला वाटतं ह्याला तो पायजे. मंग जाताजाता आपल्या बैलाचं इचारायचं. आवड दाखवलीस की मेलीस. हितं लिवलेलं भाईर जातं, तुला अजून कळलं नाय? नंबर गेला, मार्क गेले, ह्ये पन जानार. त्यांला कळलं हिला ठानंच पायजे, की बसले अडवून."

"काका, हे ऑनलाइन असतं, कोणी नाही अडवत," स्वप्नाली म्हणाली.

"तू तर बोलूच नको."

मग मी बोललो. सगळं नीट सांगितलं. हा बाजार नाही देऊ, ही यादी आहे. मशीन वरून खाली बघत येतं. पहिल्या नंबराचं मिळत असेल तर तेच देतं आणि दार बंद करतं. दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाही, पुढच्या फेरीत जाता येत नाही. जे मनापासून हवं तेच वर लिहायचं असतं. डोंगराकडचं कॉलेज खाली कुठंही टाक, तिथं जागा रिकाम्याच असतात, ते कुठं पळून जात नाही.

देऊनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठान्याच्या कालेजात तुझं कोन हाय, आण्णा?"

माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांचा शेजार, याच्या बापाला खांदा दिलेला मी! "माझं कोणी नाही तिथं! कर तुझ्या मनासारखं!" म्हणालो आणि बाहेर जाऊन पत्र्याखाली उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला हर्षदाची नाही, माझ्या अपमानाची पडली होती. आणखी दहा मिनिटं आत बसलो असतो, भांडलो असतो, तर कदाचित वेगळं झालं असतं.

आत काय झालं ते हर्षदानं मला नंतर सांगितलं. ती रडली, भांडली. ओटीपी देऊच्या फोनवर यायचा होता आणि फोन देऊच्या खिशात, बनियनच्या आतल्या. पण तिनं शेवटी मान हलवली ती त्यामुळे नाही. तिच्या डोळ्यांपुढून तो लाल रंग जात नव्हता. ठाणं काही मिळणार नाहीच, मग वर टाकलं काय नि खाली टाकलं काय, बाबांशी कशाला वैर, असं तिला वाटलं. अभिजीतला बांधावरून हाकललं खरं, पण त्याचं म्हणणं पोरीच्या डोक्यात बसलं होतं.

यादी लागली त्या दिवशी देऊच्या खाचरात लावणीची शेवटची पाथ चालू होती. फोन वाजला. हर्षदानं मेसेज वाचला आणि बापाच्या हातात फोन दिला. देऊला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात.

"एक! एक नंबर हाय ना ह्यो? पैल्या फेरीत, पैल्या नंबराचं मिळालं?"

"हो, बाबा."

"नि फी?"

"नाही भरायची. सरकार भरतं."

देऊनं त्या चिखलातच उडी मारली. बांधाबांधानं ओरडत सुटला, माझ्या पोरीला पहिल्या फेरीत पहिल्या नंबराचं कॉलेज लागलं. संध्याकाळी बदलापुरातून पेढे आणले. अभिजीतला स्वतः फोन लावला. "काय रं, अर्धी माफ करीत व्हतास ना? माझी आख्खी माफ झाली. तेच कालेज!" समोरून त्यानं फोन कापला तर देऊ अख्ख्या वाडीला ते सांगत फिरला. मलाही पेढा आणून दिला. "आण्णा, राग धरू नको. पन बगितलंस ना? सौदा असा करायचा असतो."

पेढा मी घेतला. काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षदा माझ्या पडवीत आली. हातात फोन. कोणत्या कॉलेजात शेवटची सीट किती मार्कांना गेली, त्याची यादी आली होती. तिनं बोट ठेवलं. मी चष्मा लावला.

ठाणे, कॉम्प्युटर. आमच्या प्रवर्गातल्या मुलींची शेवटची सीट ब्याण्णव पॉइंट आठला गेली होती.

हिचे चौऱ्याण्णव पॉइंट सहा.

मी पुन्हा वाचलं. पोरगी भिंतीला टेकून बसली आणि गुडघ्यात तोंड घालून रडली, आवाज न करता, कारण भिंतीपलीकडे देऊ होता. माझ्या छातीत नुसती आग झाली. देऊचा राग, त्या टॅबवाल्याचा राग, आणि त्या दिवशी पत्र्याखाली जाऊन उभा राहिलो म्हणून स्वतःचा राग.

"मी आत्ता जातो आणि त्याच्या पुढ्यात आपटतो हे," म्हणून मी उठलो.

तिनं माझं मनगट धरलं. "नको, आण्णा. आता बदलता येत नाही ना काही?"

"नाही."

"मग कशाला? काल रात्री बाबा आईला म्हणत होते, मी जन्मभर जनावरांत राहिलो, शाळेचं तोंड बघितलं नाही, पण पोरीच्या शिक्षणात एक तरी काम मी केलं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "तिथंच शिकते. कॉम्प्युटर तर कॉम्प्युटरच असतो. बघते कशी नाही नेत मला कंपनीवाले. नाही आले तिथं, तर मी जाईन त्यांच्याकडे."

तेवढ्यात देऊ आला. पायाचा चिखल पायरीला पुसत बराच वेळ दारातच उभा राहिला. पेढे वाटतानाचा आवाज आता त्याच्या तोंडात नव्हता.

"हर्षे," तो म्हणाला, "त्या ठान्याचं काय झालं गं? स्वप्नालीकडं लोक बोलत व्हते, कसली यादी लागली म्हनून." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पैलं टाकलं असतं, तर मिळालं असतं का?"

फोन हर्षदाच्या हातात तसाच उघडा होता. देऊला इंग्रजी येत नसलं तरी आकडे येत होते, आणि पोरीचे मार्क त्याला पाठ होते. नुसता हात पुढं करायचा अवकाश होता.

"नाही, बाबा," हर्षदा म्हणाली. "सत्त्याण्णवला बंद झालं. आपल्याला नसतंच मिळालं."

मला वाटलं, झालं. हा आता फोन मागणार, दाखव म्हणणार. बैलाचे दात मोजल्याशिवाय, पावती तीनदा वाचून घेतल्याशिवाय, माझ्या चहा न पिण्यातसुद्धा डाव शोधल्याशिवाय न राहिलेला माणूस.

देऊनं पोरीच्या तोंडाकडे बघितलं. मग खांदे सैल सोडून मोठा श्वास घेतला.

"मंग बरं झालं," म्हणाला, आणि खाचराकडे निघून गेला.