चारशे सव्वीस दिवस

ऐक हं, नुसतं ऐक, मधे तोंड घालायचं नाही. पक्कड टेबलाखाली पालथी पडलेली, तोंडात टॉर्च, केसांत जळमटं, आणि वरून काका विचारतायत, "वाजला का? किती वेळा वाजला?"

तीनदा. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखा घरघरायचा, डबा तीनदा टूं करायचा आणि पडदा काळा तो काळाच. आठ दिवस हेच चाललेलं. त्या आठ दिवसांत काकांनी ते बटण किती वेळा दाबलं असेल देव जाणे, बटणावरची खूणच पुसून गेलेली.

पक्कड म्हणजे दुरुस्तीच्या दुकानातली ती पोरगी. एकदा बिघाड धरला की सोडत नाही, म्हणून मालकांनी ठेवलेलं नाव, आणि आता तर तिची आईसुद्धा तिला पक्कडच म्हणते. दुकानात फोन काकूंनी केला होता, तोही जिन्यात उभं राहून, दबक्या आवाजात. म्हणाल्या, काहीही कर पण तो डबा सुरू कर, हे आठ दिवस ताटावर नुसते बसतात आणि उठतात. पक्कडने नेहमीसारखं विचारलं, आत फोटोबिटो आहेत का, आधी काढून ठेवते. तर काकू म्हणाल्या, फोटो भिंतीवर आहेत. त्यात आमच्या लेकीचं काहीतरी आहे, काय ते ह्यांनाच माहीत, मी त्या खोलीत पाय ठेवत नाही.

भिंतीवर फोटो होता खरा. विशीतली मुलगी, ह्याच टेबलाशी बसलेली, मान वळवून हसणारी, आणि तिच्यामागे हाच डबा, तेव्हा पांढराशुभ्र. आता तो म्हाताऱ्या दातासारखा पिवळा पडलेला. पक्कडने फोटोबद्दल चकार शब्द काढला नाही. लोकांच्या घरात शिरून काम करायचं तर काय विचारायचं नसतं, हे ती आधी शिकली होती आणि पेचकस धरायला नंतर.

काका स्टूल ओढून शेजारीच बसले, काढलेले स्क्रू वाटीत सांभाळत. म्हणाले एवढंच:

"जसा होता तसा चालू कर, पोरी. वरचं काही नको."

आता हे वाक्य पक्कड दिवसातून चार वेळा ऐकते. सगळेच म्हणतात, कारण सगळ्यांनाच धास्ती असते की आपलं काहीतरी पुसलं जाईल. ती "हो काका" म्हणाली आणि कामाला लागली.

रॅमची पट्टी उपसून काढली, तर तिची सोनेरी कड काळवंडलेली. पक्कडने खिशातून साधं शाळेतलं खोडरबर काढलं आणि कड घासायला घेतली. काका बघतच राहिले.

"एवढंच?"

"एवढंच. निम्मे कॉम्प्युटर खोडरबरानेच बरे होतात, काका. फक्त गिऱ्हाइकासमोर घासायचं नाही, असं मालक म्हणतात."

काका हसले. ते हसणं ऐकून काकू दारापर्यंत आल्या, उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि तशाच मागे फिरल्या. आठ दिवसांत घरात कोणी हसलं नव्हतं.

पट्टी बसवली, बटण दाबलं. ह्या वेळी एकच टूं. पडदा उजळला, आणि काकांचा हात आपसूक कीबोर्डच्या वरच्या रांगेकडे गेला. पक्कडने तो मधेच धरला. कारण पडद्यावर कॉम्प्युटर सांगत होता की माझं घड्याळ चुकलंय, पुढे जायचं असेल तर अमुक बटण दाबा.

हे रोज येतं का, तिने विचारलं. रोज येतं, काका म्हणाले, ते बटण दाबलं की जातो पुढे, तुला काय करायचंय.

तिने तारीख पाहिली. एक जानेवारी, पण पंधरा वर्षांपूर्वीची. डब्याच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, सगळं बंद असतानाही घड्याळ चालतं ते त्याच्या जिवावर. तो सेल कधीचाच मेला होता. आणि काका शिस्तीचे, संध्याकाळी भिंतीवरचं बटण न चुकता बंद करायचे. म्हणजे रोज रात्री घड्याळ मरायचं आणि रोज सकाळी त्या डब्यात तीच एक जानेवारी उजाडायची.

आता मालकांचा एक नियम आहे. सांगितलेलं काम करायचंच, पण निघण्याआधी न सांगितलेलं एक काम फुकटात करून यायचं. गिऱ्हाईक पहिलं विसरतं, दुसरं विसरत नाही. पक्कड हा नियम देवाच्या पूजेसारखा पाळते. तेवढ्यात आतून काकूंनी चहा न्यायला हाक मारली, काका उठून गेले, आणि पक्कडने संधी साधली. मेलेला सेल नखाने उचकटून खिशात टाकला, नवा बसवला, मोबाइलमध्ये बघून तारीख आणि वेळ मिनिटाला मिनिट जुळवली. काका दोन कप घेऊन येईपर्यंत सगळं आटपलेलं.

"बसा काका. आता कुठलंच बटण दाबायला लागायचं नाही."

कॉम्प्युटर सरळ सुरू झाला. कुठे अडला नाही, काही विचारलं नाही. पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उघडली, नवशिक्याने बनवलेली असते तशी, वाकडीतिकडी. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली.

"बाबा, मी आले. दार उघडा."

काकांनी हातातले कप ठेवले. आधी टेबलावरची स्क्रूंची वाटी बाजूला सरकवली, मग ठेवले. उठले, बाहेरच्या खोलीत गेले. कडी सरकल्याचा आवाज आला. पक्कड मागोमाग गेली तर काका दार सताड उघडून उंबऱ्यात उभे. समोर जिना, जिन्यात कोणाची तरी सायकल कठड्याला टेकवलेली, वरच्या मजल्यावर नळाखाली बादली भरत होती. एखाद्याला खालून सामान घेऊन जिना चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते उभे राहिले. मग आत आले. दार तसंच ठेवलं.

"माझा आकडा कुठे गेला?"

मग काकांकडून तुटक तुटक कळलं. लेक शिकायला लांब गेली, आणि जाताना बापासाठी तिने हे करून ठेवलं. कॉम्प्युटर सुरू केला की यायचं, मी घरी यायला अजून इतके दिवस. डब्यातली तारीख बघून रोज एक कमी. एकोणीस उरले होते तेव्हा तिकडून फोन आला. रस्ता ओलांडत होती. काकांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, डब्यावर चादर टाकली आणि तीन वर्षं तिकडे फिरकले नाहीत. तीन वर्षांनी एक दिवस चादर काढली, कॉम्प्युटर लावला, तर सेल मेलेला, तारीख मागे गेलेली आणि आकडा चारशे सव्वीस. दुसऱ्या दिवशी चारशे सव्वीस. तेव्हापासून रोज सकाळी चारशे सव्वीस.

"घड्याळ बंद पडलंय हे कळत होतं गं मला," काका म्हणाले, "वेडा नाहीये मी. पण चारशे सव्वीस म्हणजे ती अजून यायचीय."

पक्कडने खिशात हात घातला, मेलेला सेल बोटांना लागला. म्हणाली, काका, दोन मिनिटांचं काम आहे, जुनाच घालते परत, होतं तसं होईल. आणि पेचकस उचललासुद्धा.

पण तोवर काकू आत आल्या होत्या. त्या खोलीत. चष्मा विसरल्या होत्या, म्हणून पडद्याला नाक लावून एकेक अक्षर जुळवत होत्या.

"हे तिने लिहिलंय?"

काकांनी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"म्हणजे आल्यावर काय म्हणायचं ते तिचं ठरलं होतं." काकूंनी पडद्यावर तळवा टेकवला. "हे काढू नकोस हं, बाळ."

पक्कड चाचरत म्हणाली की काकू, मी ह्याचा फोटो काढते, मोठा करून आणून देते, चौकटीत बसवून.

"फोटो भिंतीवर आहेत गं. हे ती बोलतेय."

काकांनी बायकोच्या त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी पक्कडकडून डब्याचं झाकण मागून घेतलं, मी लावतो म्हणाले, आणि दोन्ही स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवले. पक्कडने पेचकस पुढे केला तो घेतलाच नाही.

"राहू दे तिचं," म्हणाले.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण काका तिला सोडायला जिन्यापर्यंत आले. दार अजून उघडंच. पक्कड एक पायरी उतरली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, हा नवा सेल किती टिकतो. पाच-सहा वर्षं सहज, ती म्हणाली, सवयीने, दुकानात सांगते तशी.

"म्हणजे आकडा परत यायला दोन हजार दिवस." काकांनी मान हलवली. "तेवढे माझ्याकडे नाहीत, पोरी."

आणि त्यांनी हात पुढे केला. जुना तू कचऱ्यातच टाकणार, मग मला दे, म्हणाले. इतक्या सहज, जसं कोणी रिकामी बाटली मागावी. आतून काकूंचा आवाज येत होता, लहान मुलं वाचतात तसा, पुन्हा पहिल्यापासून. बाबा. मी. आले.

पक्कडचा हात खिशात, मूठ मिटलेली, मुठीत सेल. डोळ्यांपुढे ते बोटांनी फिरवलेले दोन ढिले स्क्रू. आणि काकांचा तळवा तसाच पुढे.

आता बोल. तू काय केलं असतंस?