चौथऱ्यावरचा म्हातारा

कलाकेंद्राच्या अंगणात चौथरा बांधून झाला, तेव्हा त्यावर काय ठेवायचं हे वेलिंग्टन बोर्बोरला माहीत नव्हतं. आधी चौथरा आणि मग शिल्प, हा क्रम त्याला मुळीच उलटा वाटला नाही. राजधानीत प्रत्येक केंद्रापुढे उघड्यावर एक शिल्प असतं, मग आपल्यापुढे का नको, एवढाच त्याचा विचार. विचार कसला, हौसच ती.

पुएर्तो एस्त्रेयो हे मासेमारांचं गाव. वेलिंग्टन इथलाच. त्याची आई अजून धक्क्यावर मासळी विकते. पण राजधानीत, क्वितोला शिकून आणि स्पेनची एक वारी करून आल्यापासून त्याला मासळीचा वास सहन होत नसे. केंद्राचा संचालक झाल्यावर त्याने पहिलं प्रदर्शन भरवलं ते रिकाम्या चौकटींचं. त्यासाठी भिंतीवरची मुलांची चित्रं काढली आणि तिथे नुसत्या चौकटी टांगल्या. लोक आले, कारण आत एसी होता. केंद्रातल्या मुलांच्या वर्गातल्या मायकेलने निरागसपणे विचारलं, "साहेब, चित्रं कधी येणार?" त्यावर साहेबांनी मुलांना पुढच्या दालनात यायलाच बंदी केली. कारण दिलं की मुलांच्या पायांना वाळू असते. समुद्रकाठच्या गावात मुलांच्या पायांना वाळू नाही तर काय केशर असणार?

मुलांचा वर्ग मागच्या खोलीत दर शनिवारी भरायचा. तो घ्यायच्या एर्मेलिंदाबाई. शाळेतून निवृत्त झाल्यावरही त्यांचं मुलांशिवाय चालत नसे. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, वेलिंग्टनसुद्धा. पहिलीत असताना तो रंग रेषेबाहेर नेई आणि विचारलं की म्हणे, "रेषाच चुकली आहे." तेव्हा बाईंना हसू यायचं. आता येत नसे.

डिसेंबर आला आणि वर्गाने दरवर्षीसारखा म्हातारा करायला घेतला. म्हातारा म्हणजे सरतं साल, आणि डिसेंबरात या किनाऱ्यावर म्हातारा नाही असं दार नसतं. जुने कपडे शिवायचे, आत भुसा भरायचा, कागदाच्या लगद्याचा चेहरा करायचा, त्याला दाराशी खुर्चीवर बसवायचं आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री भर रस्त्यात जाळायचं. वर्षभरात ज्याने डोक्याला ताप दिला असेल, त्याचा चेहरा म्हाताऱ्याला द्यायचा. कुणी मंत्र्याचा देतं, कुणी जावयाचा.

"यंदा कोण?" बाईंनी विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. नायेली दारापर्यंत जाऊन बाहेर कुणी नाही ना ते बघून आली आणि हळूच म्हणाली, "ज्याने माती ठेवायच्या कपाटाला कुलूप घातलं, तो."

"आणि चित्रं काढून टाकली तो!" मायकेल ओरडला.

"म्हणजे एकच की रे तो," कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग फिदीफिदी हसला.

बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं नेहमीचंच. "करायचा तर नीट करा. आधी बघा, मग हात लावा. पोट कुठून सुरू होतं ते बघा. चालताना मान कुठे असते ते बघा."

मुलांनी पाहिलं. राग असला की मुलं फार बारकाईने पाहतात. म्हातारा तयार झाला तो असा, की बाई स्वतः तोंडाला पदर लावावा तसा रंगाचा फडका लावून कोपऱ्यात जाऊन हसल्या. पट्ट्यावरून ओघळलेलं पोट, कपाळावर चढवलेला चष्मा, पिवळ्या टायवर होडीचे निळे नांगर, आणि एक बोट वर. ते बोट गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

नेमका त्याच दिवशी वेलिंग्टन मागच्या खोलीत आला. अख्ख्या वर्षात पहिल्यांदाच. मुलं गार पडली. तो म्हाताऱ्याभोवती एक फेरी मारून आला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट वर केलं.

"हे अस्सल आहे," तो म्हणाला.

नायेलीने ओठ इतका चावला की डोळ्यांत पाणी आलं.

"हा कोण आहे, मुलांनो?"

"म्हातारा आहे, साहेब," मायकेल जमिनीकडे बघत म्हणाला.

"म्हणजे कुणीही नाही आणि प्रत्येकजण! काय सामर्थ्य आहे या पोटात! डोन्या एर्मेलिंदा, आपल्याला आपलं शिल्प मिळालं. चौथऱ्यावर हाच उभा राहणार."

"साहेब, तो एकतीस तारखेला जाळायचा आहे."

"जाळायचा?" बोट आणखी वर गेलं. "वारसा जाळायचा नसतो, जपायचा असतो. म्हणूनच तर आपण मागे राहिलो."

बाईंनी दोनदा समजावलं. जी गोष्ट जाळण्यासाठी केली ती जाळावी लागते, असं त्या अगदी पहिलीच्या मुलाला सांगावं तशा शांतपणे म्हणाल्या. त्याने त्यांना लोककलेच्या जतनावर एक व्याख्यान ऐकवलं. मग होड्या दुरुस्त करणारा माणूस बोलावला आणि होडीच्या बुडाला लावतात ते रेझिन म्हाताऱ्याला चांगलं जाड थापून घेतलं. एकतीसला गावातल्या गल्लीगल्लीत म्हातारे जळाले, पोरं निखाऱ्यांवरून उड्या मारून नव्या सालात गेली. केंद्राच्या अंगणात एकच म्हातारा चकाकत उभा राहिला, बोट वर करून.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी वर्गाला कुणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही.

बाई मायकेलच्या घरी गेल्या. त्याची आजी, डोन्या फ्रेस्विंदा, दारात केळी किसत बसली होती.

"पोराला पाठवायचं नाही असं नाही, बाई," ती म्हणाली. "पण जिथे गेलेलं साल उभं आहे तिथे नवं साल पाय ठेवत नाही. तिथे मी माझं पोर कसं पाठवू? आणि आम्ही काय आंधळे आहोत? तो कुणाचा आहे ते शेंबड्या पोराला कळतं. त्याला सोडून."

"त्याला सांगा ना कुणीतरी."

"मी? माझ्या मुलाची होडी त्याच्या मेव्हण्याच्या धक्क्याला बांधलेली असते. तुम्ही सांगा. तुम्ही त्याला शिकवलंत ना?" आजीने किसणी आपटली. "काय शिकवलंत देव जाणे."

गावाला एक खेळच मिळाला होता. साहेबांचं आज काय झालं, हे रोज संध्याकाळी धक्क्यावर बोललं जाई. गाडीचा गिअरबॉक्स गेला. दाढ सुजून गाल भोपळ्याएवढा झाला. भर मिरवणुकीत पेलिकन पक्ष्याने नव्या कोटावर प्रसाद टाकला. प्रत्येक बातमीला लोक माना डोलवत आणि छातीवर क्रूस काढत. वेलिंग्टनला मात्र यात काही जुळत असल्याचा संशयही आला नाही. सुजलेला गाल घेऊन तो रोज शिल्पाशेजारी फोटो काढून घेई.

त्याला एकच गोष्ट दिसली, की मागची खोली रिकामी आहे.

"महिनाअखेरपर्यंत मुलं आली नाहीत तर खोली घेतो," त्याने बाईंना कळवलं. "शिल्पाच्या उद्घाटनाला प्रांतातून पाहुणे यायचे आहेत. तिथे कॉफीची सोय करता येईल."

बाई रिकाम्या बाकावर बसून राहिल्या. कागदाचा बाप्या नव्या सालाची वाट अडवतो, हे त्यांना काही पटत नव्हतं. पण मुलांनी वर्षाचा राग त्यात भरला होता, तो एकदाचा जाळून मोकळं व्हायला. राग का कुणी वार्निश करून अंगणात ठेवतं? आता म्हातारा उभा राहिला तर मुलं येणार नाहीत आणि खोली जाणार. साहेबांना खरं सांगावं तर ते चिडून वर्गच बंद करणार, मग खोलीही जाणार आणि मुलंही. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये हा मठ्ठ माणूस.

शेवटच्या शनिवारी तो मोजपट्टी घेऊन आला, कॉफीचं टेबल बसतं का बघायला. गालाला रुमाल बांधलेला.

"डोन्या एर्मेलिंदा, माहितीपत्रिकेसाठी शिल्पावर चार ओळी लिहून द्या. मला बोलवत नाही या दाढेमुळे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग फळीवरून एक पुठ्ठा, कागद आणि पेन्सिल काढली.

"मला लिहिता येत नाही, साहेब. मला बघता येतं. तुम्ही त्याचं चित्र काढा, मी शेजारी बसून सांगते. मग ओळी आपोआप सुचतील."

"मी चित्र काढत नाही. मी प्रदर्शनं मांडतो."

"ते दिसतंच आहे. चला."

कसा कोण जाणे, तो गेला. काही आवाज असे असतात की माणूस कितीही मोठा झाला तरी त्याचे पाय त्यांचं ऐकतात. बाईंनी मुलांचं बुटकं स्टूल चौथऱ्यापुढे ठेवलं. तो बसला आणि त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

"पोटापासून सुरू कर," बाई म्हणाल्या. 'साहेब' हे संबोधन कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "कागदाकडे बघू नको, त्याच्याकडे बघ. पोट कुठून निघतं?"

"छातीपासून."

"छाती आहे का त्याला? नीट बघ."

त्याने खोडलं, पुन्हा काढलं. घाम आला. "पट्ट्याच्या वरून. आणि खाली लोंबतं."

"शाबास. आता चष्मा. डोळ्यांवर आहे?"

"नाही, कपाळावर." हात वर गेला, स्वतःच्या कपाळाला लागला आणि खाली आला. अजून काही नाही. बाईंनी वाट पाहिली. काही मुलांना वेळ लागतो, आणि शिकवणाऱ्याचं काम म्हणजे अर्धं वाट पाहणंच असतं. पण एवढा वेळ त्यांनी आयुष्यात कुठल्या मुलाला दिला नव्हता.

"टाय. टायवर काय आहे?"

"नांगर. समुद्राचं प्रतीक."

"रंग?"

"पिवळ्यावर निळे..." पेन्सिल थांबली. त्याची नजर कागदावरून स्वतःच्या छातीवर उतरली. तिथे पिवळ्या टायवर निळे नांगर होते.

समोरच्या पेरूच्या झाडावर दोन पोपट भांडत होते.

"हा मी आहे," वेलिंग्टन म्हणाला.

"हो."

"गावाला माहीत आहे?"

"तू सोडून सगळ्यांना."

"माझ्या आईला?"

"ती पहिल्याच दिवशी येऊन गेली. तुझ्यासाठी मेणबत्ती लावतेय रोज."

तो पांढरा पडला. क्वितो गेलं, स्पेन गेलं, आणि स्टुलावर धक्क्यावरच्या मासळीवालीचा मुलगा उरला. त्याने गालाला हात लावला. "म्हणजे दाढ... आणि गाडी... मी महिनाभर न जळता उभा आहे?"

"दाढेचं मला ठाऊक नाही. दाढ डॉक्टरला दाखव."

मग तो एकदम उसळला. "कुणी केलं? नावं सांगा! वर्ग आजपासून बंद!"

"कर बंद. लोक विचारतील, का बंद केला? तू काय सांगशील ते तू ठरव. मला विचारलं तर मी खरं तेच सांगणार, या वयात खोटं लक्षात राहत नाही. प्रांताच्या पाहुण्यांनाही तेच सांगेन."

त्याने पुन्हा एकदा वर पाहिलं. त्याचंच बोट आभाळाकडे रोखलेलं.

"काडेपेटी आहे का?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"सरस तापवायच्या स्टोव्हची आहे. नाही तर दुकानातून आण. ते विचारतील कशाला हवी म्हणून." बाईंनी ओच्यात हात घालावा तसा झग्याच्या खिशात हात घातला, पण बाहेर काढला नाही. "मागच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे. मातीच्या कपाटाचीही."

"हा अन्याय आहे, बाई."

"आहे. किल्ल्या दे."

किल्ल्या आल्या, काडेपेटी गेली.

रेझिनमुळे म्हातारा आधी पेटेना. मग पेटला तो असा की काळा धूर थेट चर्चच्या मनोऱ्यावर गेला. धूर पाहून माणसं धावत आली, आजी किसणी हातात घेऊनच आली. कुणीतरी ढोल आणला. पोट फुटलं तेव्हा भुशाचा भडका उडाला आणि अख्खं गाव महिन्याभराचं ओरडलं. वेलिंग्टन धुरात खोकत बोट वर करून म्हणाला, "हा... हा सादरीकरणाचाच भाग आहे!" कुणी ऐकलं नाही.

"उडी मार, साहेब!" आजी ओरडली. "नाही मारलीस तर फुकट जाईल सगळं!"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मारली. विजारीचा काठ करपला. टाळ्या इतक्या पडल्या की त्याला त्या खऱ्याच वाटल्या. चेहऱ्यावर हळूहळू तेच जुनं समाधान परत आलं. बाईंनी ते पाहिलं आणि मनात म्हणाल्या, रेषाच चुकली आहे याची.

पुढच्या शनिवारी वर्ग इतका भरला की बाकं कमी पडली. डोन्या फ्रेस्विंदाने मायकेलला दारातून आत ढकललं, वर केळ्याच्या भज्यांचा डबा दिला. मुलं येताना केंद्राच्या दारावरचं नवं पोस्टर वाचून आली होती. त्यावर ज्वाळांवरून उडी मारतानाचा साहेबांचा फोटो होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: संकल्पना, शिल्प आणि दहन, वेलिंग्टन बोर्बोर.

नायेली रागाने लालबुंद झाली होती. "बाई, त्यांनी लिहिलंय की तो त्यांनी केला!"

"वाचलं मी."

"खोटं आहे ना?"

"खोटं आहे."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"बोलले असते," बाई कपाट उघडत म्हणाल्या. ओल्या मातीचा वास खोलीभर पसरला. "पण नाव त्याला राहू दे. खोली आपल्याला आहे, माती आपल्याला आहे. आणि खरं सांगू? त्याला पोटसुद्धा धड काढता आलं नाही. बसा आता. आज नाकं करायची आहेत. शेजाऱ्याचं नाक बघा, आधी नुसतं बघा."

मुलं एकमेकांच्या नाकांकडे बघायला लागली, आणि बराच वेळ कुणालाच हसू आवरेना.