आमेनला उशीर झाला तेव्हा

पाणी उतरून नऊ दिवस झाले होते, तरी चर्चच्या हॉलच्या भिंती ओल्याच होत्या. बाकं बाहेर वाळत टाकलेली, आत आमच्या मदत संस्थेची खोकी. मी सकाळपासून ब्लँकेटांच्या घड्या घालत होते. कंबर अशी धरली होती की वाकलं तर उठवेना आणि उठलं तर वाकवेना.

पण लक्ष सगळं टेबलावरच्या थर्मासकडे. त्यात बर्फात माझ्या ताईचं इन्सुलिन होतं. ताई नदीपलीकडच्या शाळेत, छावणीत. तिचं औषध पुरात गेलं, छावणीत मिळालेलंही संपलं, परवापासून इंजेक्शन नाही. पूल वाहून गेलेला. वरच्या धरणातून चार वाजता पाणी सोडणार, मग होडी बंद.

"आजी, साडेतीनला निघायला हवं," नावाडी म्हणाला. "प्रार्थना जरा आखूड ठेवायला सांगा. देवाला कमी ऐकू येतं का?"

"गप बस. तुझी होडी त्याच्याच भरवशावर तरंगते."

आमच्याकडे प्रार्थनेशिवाय खोकं हलत नाही, आणि आमेन झाल्याशिवाय कोणी डोळे उघडत नाही. रविवारच्या शाळेत डोळे किलकिले करणाऱ्या पोरांना मीच वर्षानुवर्षं चिमटे काढलेत.

सव्वातीनला पाळकसाहेब आले. तीन रात्री पाठ टेकलेली नव्हती, बुटांत पाणी पचपचत होतं. ब्लँकेटांच्या ढिगाला टेकून त्यांनी हात जोडले. आम्ही दहा-बारा जणांनी माना खाली घातल्या.

"हे प्रभो, नदीपलीकडच्या तुझ्या लेकरांना..." म्हणाले आणि थांबले.

मला वाटलं, भरून आलं असेल. मग वाटलं, मनातल्या मनात म्हणत असतील. खरं सांगायचं तर ते थांबणं बरं वाटत होतं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच हाताला काम नव्हतं. शेजारणीचं डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं.

बाहेरून नावाडी ओरडला, "आजी, पावणेचार झाले!"

मी डोळे उघडले. पाळकसाहेब उभ्या उभ्या झोपले होते, तोंड उघडं. बाकीचे डोळे गच्च मिटून वाट बघत होते.

हाक मारावी तर भर मंडळीत त्यांची शोभा होईल. न मारावी तर तिकडे ताई. मी घसा खाकरला आणि त्यांचं वाक्य होतं तिथून उचललं, "...हे औषध वेळेवर पोहोचव. आमेन."

"आमेन!" सगळे म्हणाले. पाळकसाहेबही दचकून म्हणाले.

थर्मास घेऊन मी घाटापर्यंत पळाले म्हणण्यापेक्षा घसरत गेले.

"बाईच्या आवाजात आमेन? पाळक बदलला काय?" नावाड्याने विचारलं.

"तू मुकाट्यानं वल्हं मार."

थर्मास त्याच्या हाती देऊन मी हॉलवर परत आले तेव्हा पाळकसाहेब डोळे चोळत खोक्यावर बसले होते. "प्रार्थना पुरी केली ना मी?"

"केलीत. छान झाली," मी म्हणाले.

नावाडी रात्रभर पलीकडेच अडकला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला, रिकामा थर्मास माझ्या हातात दिला.

"इंजेक्शन घेतलं म्हणाल्या. आणि विचारलंय, एवढा थर्मास पाठवलास, दुसऱ्यात घोटभर चहा पाठवला असतास तर हात मोडले असते का?"

म्हणजे ताई ठणठणीत होती. मी थर्मास विसळून उपडा घातला आणि परत घड्या घालायला बसले.