दुसरा बाप्तिस्मा

मूल निळं पडून जन्माला आलं. रडेना, हलेना. आसेलीन सुईणीने त्याला उलटं धरून पाठीत थापट्या मारल्या, पण काही होईना. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या लेकराला स्वर्ग नाही. अशा वेळी तो सुईणीनेच द्यायचा असतो. तिने खंदकातलं ओंजळभर गढूळ पाणी त्याच्या टाळूवर ओतलं आणि देवाचं नाव घेतलं. गार पाणी लागताच पोरीने टाहो फोडला.

आसेलीन हसली. बाळंतीण कोलेत मात्र हबकली.

"मावशी, काय करून बसलात! आता टोपली कोण सोडणार?"

आसेलीनचा चेहरा खर्रकन उतरला. इंग्रजांच्या राजाने उन्हाळ्यात रुआँ शहराला घातलेला वेढा नाताळ आला तरी उठला नव्हता. धान्य संपलं तशी शहरातल्या मोठ्या लोकांनी म्हातारे, गरीब, पोटुशा बायका वेशीबाहेर काढल्या. इंग्रजांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. राजाला फ्रान्स हवा होता, फ्रान्सची माणसं नको होती. मग ती तटाखालच्या खंदकात, चिखलात पडून मरू लागली. शहराची दया एवढीच, की खंदकात जन्मलेलं मूल टोपलीतून वर ओढायचं, बाप्तिस्मा द्यायचा आणि परत खाली सोडायचं. मेल्यांना लाजही वाटत नव्हती.

कोलेतची बहीण पेरन वर शहरातच, पाद्र्याच्या हाताखाली होती. वेशीपाशी ताटातूट होताना ती कानात म्हणाली होती, "मूल टोपलीत घाल. पुढचं मी बघते." पण बाप्तिस्मा एकदाच होतो. दुसऱ्यांदा मागणं म्हणजे घोर पाप, आणि खोटं न बोलण्याची शपथ आसेलीनने बिशपसमोर घेतलेली.

तटावरून पाद्री ओरडला, "ए सुईणबाई! पाणी घातलंस का पोराला?"

कोलेतने तिचे पाय धरले. "मावशी, इथं ती उद्यापर्यंतसुद्धा जगायची नाही हो."

नरकाची आसेलीनला खरोखर भीती वाटत होती, लहानपणापासून वाटायची. तिने पोरीकडे एकदा पाहिलं.

"नाही घातलं!" ती ओरडली. "सोडा टोपली, पाद्रीबाबा, लवकर!"

टोपली वर गेली. बराच वेळ काही कळेना. कोलेत ओठ चावत वर बघत राहिली.

टोपली खाली आली ती जडच. आत दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं गाठोडं, निपचित. "गेली माझी पोर," असं म्हणून कोलेत मटकन खाली बसली.

आसेलीनने दुपट्याचं टोक उचललं आणि लगेच झाकलं. आत वीट होती.

"कोलेत," ती कुजबुजली, "पोर वरच राहिली. पेरनने ठेवून घेतली. हूं का चूं करू नकोस, वर शिपाई बघतोय."

शिपाई खरंच वाकून बघत होता. "का गं, मघाशी एवढं बोंबलत होतं, आता गप्प कसं?"

कोलेतने डोळे पुसले. गाठोडं उचलून छातीशी धरलं, शालीआड घेतलं आणि हळूहळू थोपटू लागली. छाती भरून आली होती, दूध विटेवर गळत होतं.

"पितंय," ती म्हणाली.