कुमुदची अपॉइंटमेंट

परेश घरत हॉस्पिटलातल्या लोकांना कॉम्प्युटरवर केसपेपर भरायला शिकवायचा. पेशंटचं नाव, ताप, औषधं, पुढची तारीख, जे आधी कागदावर व्हायचं ते सगळं आता सिस्टिममध्ये भरायचं असतं. एखाद्या हॉस्पिटलाने नवीन सिस्टिम घेतली की कंपनी परेशला तिथे पाठवायची. या वेळी त्याला खांदा कॉलनीतलं एक हॉस्पिटल मिळालं होतं. तो विचुंब्याला राहायचा, त्यामुळे स्कूटरने अगदी जवळ. ऑफिसातले म्हणाले, मजा आहे तुझी. कुमुद, त्याची बायको, आजारी पडल्यावर पहिल्यांदा याच हॉस्पिटलात दाखवायला आली होती, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पुढे तिला मुंबईला हलवलं आणि तिथेच ती होळीच्या आधी गेली. आता दिवाळी होऊन गेली होती.

शिकवताना त्याचे दोन नियम होते. सराव खऱ्या पेशंटवर करायचा नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने सिस्टिममध्ये शिरायचं नाही. सरावासाठी सिस्टिमची एक वेगळी नक्कल असते. तिच्यावर वर पिवळी पट्टी दिसते. तिच्यात परेशने एक खोटी पेशंट बनवून ठेवली होती, चंद्रावती टेस्ट.

"सर, चंद्रावतीबाईंना आज काय झालं?" रमा सिस्टर विचारायच्या. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स.

"डेंग्यू."

"अहो, काल बाळंत झाल्या ना त्या? बाळाला कोण बघतंय?"

सगळे हसायचे. परेशही हसायचा. चंद्रावतीला कितीही वेळा भरती करा, कुठलंही औषध द्या, संध्याकाळी ती बरी होऊन घरी जायची.

सोमवारी पिवळ्या पट्टीची सिस्टिम उघडेना. परेशने कंपनीत फोन केला. ते म्हणाले, बघतो. समोर वर्ग भरून बसला होता, आणि सगळे ड्युटी सोडून आलेले. शिकवायचं होतं पुढची अपॉइंटमेंट कशी द्यायची ते. भिंतीवर चित्र पाडणाऱ्या कॉम्प्युटरवर काउंटरवरची अंकिता बसली होती. नवीन लागलेली, नेमकं काम करणारी मुलगी. तिने तिच्या नावाने खरी सिस्टिम उघडलेलीच होती.

"यातच दाखवू," परेश म्हणाला.

"सर, यात नको ना? तुम्हीच सांगितलंय."

"मी आहे ना. एकच दाखवायचंय."

"पेशंट कोणता घेऊ?"

"घरत कुमुद," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

अंकिताने नाव टाकलं. नवीन सिस्टिममध्ये जुन्या पेशंटची माहिती आधीच चढवलेली होती. कुमुदचं पान उघडलं. नाव, वय, गाव, फोन नंबर. ती मुंबईत वारली हे इथे कोणी कळवलंच नव्हतं, त्यामुळे इथे ती अजून पेशंट होती. परेशने बँकेत तिच्या मृत्यूचा दाखला दिला होता, गॅसच्या ऑफिसात दिला होता, रेशनला दिला होता. जिथे तो रोज जात होता तिथे मात्र दिला नव्हता. मृत्यूची नोंद कशी करायची हा धडासुद्धा तो शेवटी ठेवायचा आणि मग वेळ संपायची.

"शुक्रवार दे. अकरा वाजता," त्याने सांगितलं. अंकिताने दिला. वर्गातल्या बाकीच्यांना वाटलं, चंद्रावतीसारखंच काहीतरी असेल. रमा सिस्टरनी मात्र ते आडनाव पुन्हा वाचलं. त्यांनी मान खाली घालून पदराचं टोक सारखं केलं.

वर्ग सुटल्यावर नोंद काढून टाकायची होती. एका क्लिकचं काम. परेश खुर्चीवर बसला, शुक्रवारची यादी उघडली. दोन नावांच्या मध्ये लिहिलेलं होतं, कुमुद परेश घरत. तो बघत राहिला. कितीतरी दिवसांत तिचं नाव पुढच्या तारखेसमोर त्याने पाहिलं नव्हतं. उद्या काढू, असं ठरवून त्याने कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याने परत यादी उघडली, नाव आहे ना बघितलं आणि बंद केली. तिसऱ्या दिवशीही तेच. सिस्टिम आदल्या दिवशी पेशंटला मेसेज पाठवते, हे तो स्वतःच सगळ्यांना शिकवायचा. मेसेज कुमुदच्या फोनवर जाईल एवढंच त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटलं. तो फोन आता कोणाच्या पिशवीत असतो, याचा विचारच त्याने केला नाही.

शुक्रवारी सकाळी वर्ग चालू होता. पिवळी पट्टी परत आली होती. शिकवायची खोली काउंटरला लागूनच, दार अर्धं उघडं. परेश औषधांचा धडा सांगत होता तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"पोरी, कुमुद घरतचा नंबर हाय ना आज?"

तो आवाज गुणाबाईंचा होता. कुमुदची आई. त्या नेऱ्याला राहायच्या, एकट्या. त्यांचा फोन बिघडला तेव्हा परेशनेच कुमुदचा फोन, तिच्याच सिमकार्डासकट, त्यांना नेऊन दिला होता. त्याच्या मोबाइलमध्ये तो नंबर अजून कुमुदच्याच नावाने होता.

"हो आजी, अकराचा आहे," अंकिता म्हणाली. "पेशंट कुठेत?"

"ती येनार नाय. ती गेली."

"म्हणजे गावाला?"

"नाय गं. वारली ती. शिमग्याच्या आधी. काल तुमचा मेसेज आला. शेजारची मनिषा वाचून बोलली, उद्या दाखवायला बोलावलंय, जुने कागद घेऊन या. मी म्हनलं, आपन जाऊन सांगावं. उगाच तिची वाट बगत बसाल, दुसरा कोन आजारी मानूस तिच्यासाठी बाहेर थांबंल. हे बग, कागद पन आनलेत."

परेशने दारातून पाहिलं. गुणाबाई काउंटरसमोर उभ्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी कुमुदची फाईल काढून काउंटरवर ठेवली होती. मागे रांग. एक बाई तोंडाला पदर लावून उभी होती.

परेशने एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं. त्याने मागे टाकलं. दार लोटलं, पूर्ण नाही, ऐकू येईल एवढी फट ठेवून. आणि वर्गाकडे वळून म्हणाला, "हं, तर डोस." पुढचं त्याला सुचेना. रमा सिस्टर त्याच्याकडे बघत होत्या. या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

बाहेर रुचिरा मॅडम आल्या. त्या हॉस्पिटलचं ऑफिस सांभाळायच्या. "काय चाललंय? लाइन का थांबली?"

अंकिताने सांगितलं. मॅडमनी कॉम्प्युटर आपल्याकडे वळवून घेतला. "ही अपॉइंटमेंट दिली कोणी? गेलेल्या पेशंटला बोलावतो आपण? लोक काय म्हणतील?" मग थोडं थांबून, "तुझंच नाव आहे इथे, अंकिता."

परेशला अंकिता दिसत नव्हती. ती आता सांगणार, सरांनी करायला लावलं. सांगावं तिने. त्याने मनात तिला सांगूनही टाकलं, बोल.

"चूक झाली मॅडम," अंकिता म्हणाली.

"चूक? ट्रेनिंग कशाला देतोय तुम्हाला? सरांनी सांगितलं नाही, खऱ्या पेशंटवर सराव करायचा नाही म्हणून?"

"सांगितलंय मॅडम."

"मग? लेखी दे मला. आणि उद्यापासून काउंटरवर बसू नकोस."

"ओ बाई," गुणाबाई म्हणाल्या, "पोरीवर नका रागवू. झालं ते झालं. मी काय भांडाला नाय आले. फक्त एक करा. माझा जावई हितंच शिकवतो. परेश नाव त्याचं. त्याला यातलं काय सांगू नका. आदीच अर्धा झालाय तो. सनाला बोलावला, तर दोन घास खाल्ले आनि उठला. त्याला कललं तर त्याला किती वाईट वाटंल. मी जाते, तो यायच्या आत."

परेशचा हात दाराच्या कडीवर होता. एवढ्या वर्षांत सासूबाई त्याला कधी वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या. आणि आता त्या त्याच्यापासून त्यालाच सांभाळत होत्या. एका मुलीची नोकरी त्याच्यापायी जायची वेळ आली होती आणि तो दाराआड डोस शिकवत होता.

"सर," रमा सिस्टर हळूच म्हणाल्या, "आम्ही बसतो. तुम्ही जा."

तो बाहेर आला.

गुणाबाईंनी त्याला पाहिलं आणि फाईल पटकन पिशवीत घालायला लागल्या, जशी काही त्यांचीच चोरी पकडली गेली. "काय नाय, जावई. मी बीपी दाखवाला आलते."

"आई, मी सगळं ऐकलं."

"बरं."

"ती अपॉइंटमेंट मीच दिली."

गुणाबाईंचे हात पिशवीत तसेच राहिले. रुचिरा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही? नाव अंकिताचं आहे."

"मीच तिला करायला सांगितलं. ती नको म्हणत होती. आणि नंतर काढायची होती, ती मी काढली नाही. रोज बघत होतो. राहू दिली."

"का पण?"

याला त्याच्याकडे उत्तर होतं, पण रांगेसमोर ते बोलण्यासारखं नव्हतं. गुणाबाईंनीही तोच प्रश्न विचारला असता तर कदाचित त्याने सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "तुमी मला एक फोन तरी करायचा व्हता ओ. राती झोप नाय लागली. मनिषाला दोनदा वाचाला लावला मेसेज. वाटलं, हास्पिटलवाल्यांना काय ठाऊक असंल, जे आपल्याला नाय."



"आधी ते काढा," रुचिरा मॅडम म्हणाल्या. "बाकीचं दुपारी केबिनमध्ये बोलू. तुमच्या कंपनीलाही कळवावं लागेल."

तो अंकिताच्या बाजूला गेला. ती उठू लागली. "थांब," तो म्हणाला, "तुझं बंद कर. माझ्या नावाने उघडतो." तिने बंद केलं. त्याने आपलं नाव टाकलं आणि कुमुदची अपॉइंटमेंट उघडली. रद्द करण्याचं कारण विचारलं गेलं. खाली कारणं होती. त्यांत ‘रुग्णाचा मृत्यू’ हेही होतं, तरी त्याने ‘रुग्ण आला नाही’ निवडलं.

लगेच गुणाबाईंच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी तो काढून त्याच्यापुढे धरला. "बगा काय म्हनतोय."

त्याने वाचलं. मोठ्याने वाचावं लागलं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. "कुमुद परेश घरत, आपण आज तपासणीला येऊ शकला नाहीत. नवीन वेळेसाठी कृपया संपर्क करा."

"म्हंजे परत बोलावतात."

"हो."

"मग मी परत येऊ सांगाला?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होत्या. आणि म्हणूनच परेशला तो प्रश्न चपराकीसारखा लागला. अजूनही तो चोरवाट शोधत होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"नाही आई. तुम्ही नका येऊ."

त्याने कुमुदचं पान परत उघडलं. जो धडा तो शेवटी ठेवायचा, त्याची जागा त्याला न शोधता सापडली. मृत्यूची नोंद. तारीख. दाखल्याचा फोटो जोडा. फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होताच, बँकेसाठी काढलेला. त्याने जोडला. खाली, नोंद करणाऱ्याचं नाव, परेश घरत. त्याने शेवटचं बटण दाबलं. ते अंकिताने पाहिलं, मॅडमनी पाहिलं, रांगेने पाहिलं. पुढच्या तारखांची जागा करडी झाली. तिथे आता काही लिहिता येणार नव्हतं.

गुणाबाई फोन हातात धरून उभ्या होत्या. वाजेल म्हणून वाट बघत. तो वाजला नाही.

"आता नाय वाजत," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन पिशवीत टाकला.

"मी स्कूटरवर सोडतो तुम्हाला."

"नको. तुमची मानसं बसलीत आत. नाक्यावरनं रिक्षा हाय नेऱ्याची." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "जावई, त्या पोरीची माफी मागितली का?"

मागितली नव्हती. कोणाचीच मागितली नव्हती. परेश वळून काउंटरसमोर आला. अंकिता आपल्या खुर्चीवर बसली होती, तिचं नाव टाकून तिने सिस्टिम पुन्हा उघडली होती. उद्या ती इथे असेल की नाही, हे दुपारी केबिनमध्ये ठरणार होतं, आणि आता ते परेशच्या बोलण्यावर होतं.

"अंकिता," तो म्हणाला, "माझं चुकलं. मी आत उभा होतो. तू बोलणी खात होतीस ते ऐकत होतो."

"मला माहितीये सर," ती म्हणाली. "दाराखालून तुमचे बूट दिसत होते."

ती रागावलेली वाटली नाही. त्याच्याकडे बघतही नव्हती. तिने त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईंना हात केला.

"सर, जरा बाजूला व्हा ना. पुढचा पेशंट थांबलाय."

तो बाजूला झाला.