आजीची गुळगुळीत भिंत

डोळे मिटा आणि मनात एक भिंत उभी करा. विटांची नाही, मातीची. दीड हात जाड. म्हणजे खिडकीच्या कोनाड्यात तुम्ही मांडी घालून बसलात, तरी शेजारी मांजराला जागा उरेल. अशा भिंतींची नऊ घरं, एकाला एक चिकटून, एकाच लांब छपराखाली. फार वर्षांपूर्वी शेतमजुरांनी दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून संध्याकाळी ती स्वतःसाठी बांधली. आठवड्याला एक हात उंची, जास्त नाही. खालचा थर वाळला की वरचा. घाई केली, की भिंत खाली बसायची.

शेवटच्या घरात एक म्हातारा गवंडी आणि त्याची नऊ वर्षांची नात राहायची. त्या सकाळी सरकारी इंजिनीयर बाई त्यांच्या भिंतीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. बोट लावावं तिथे ओल. जुनी घरं जपायची असं ठरलं होतं, पण हे एक घर पावसाळ्याआत वाळलं नाही तर पाडावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. नाहीतर ते पडताना शेजारचंही ओढून नेईल.

गवंड्याने शेजारच्या मावशीच्या मोरीवर खापर फोडलं. मावशी ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

"माझी मोरी पलीकडून जाते, मिस्त्री. गावभरच्या भिंती दुरुस्त केल्यात, आता स्वतःच्या भिंतीशी तरी खरं बोला."

बाई गेल्या. गवंडी पायरीवर बसून राहिला. नात शेजारी टेकली आणि गप्प राहिली. मोठ्या माणसांना गप्प बसलेल्या मुलांसमोर फार वेळ गप्प बसता येत नाही.

त्याने सांगायला सुरुवात केली. मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच, पण वर चुन्याचा गिलावा असला की ती हळूहळू उडून जाते. हे त्याला बापाने शिकवलं होतं. पण चुना झडायचा, नातीच्या आजीच्या अंथरुणात भुकटी पडायची, तिचा खोकला थांबेना. म्हणून एका उन्हाळ्यात त्याने भिंतीला सिमेंट फासलं. अगदी गुळगुळीत. आजी त्या भिंतीला गाल लावून हसली होती. ओल आत कोंडली, हे त्याला दुसऱ्याच वर्षी कळलं.

"मग तेव्हाच का नाही काढलंस, आबा?"

"तिला फार आवडली होती गं. हात धजावला नाही. ती गेल्यावर तर मुळीच नाही."

मग तो उठला आणि छिन्नी-हातोडा घेऊन आला. पहिला घाव इतका हलका, की भिंतीवरची माशीसुद्धा हलली नाही. दुसरा बरा होता. दुपारपर्यंत सिमेंटचे पापुद्रे जमिनीवर पडले आणि आतली काळपट, ओली माती दिसली. हाताहाताच्या उंचीवर जुन्या थरांच्या रेघा. आजीच्या गालाच्या उंचीवरचा तुकडा तेवढा त्याने राखला होता. त्यापुढे तो बराच वेळ उभा राहिला. मग डोळे मिटून त्याने तोही उतरवला.

"आता वाळेल," तो म्हणाला. "पण सावकाश. दोन महिने तरी."

आणि नातीने काय केलं? दप्तरातल्या जुन्या वहीचा पुठ्ठा काढला, भिंतीसमोर बसली आणि ताप आलेल्या माणसाला घालावा तसा भिंतीला वारा घालू लागली.